सोबतीला कोण

फॉर्मवर शेवटचे दोन रकाने:
घरी नेणाऱ्याचं नाव. त्याखाली, नातं.
गुंगी देतात, एकट्याला सोडत नाहीत.
मस्कतला, रुवीच्या मागल्या गल्लीत
आम्ही सातजण एका खोलीत राहतो.
नातं म्हणाल तर
फ्रिजच्या कप्प्यांवर चिकटपट्टीने डकवलेली नावं.

पन्नाशी ओलांडलेल्यांची तपासणी, कंपनीच्या विम्यातून.
नमुन्याची इवलीशी डबी मी फोरमनसमोरून
डब्याच्या पिशवीत लपवून नेली,
चोरीचं सोनं न्यावं तशी.
आठवड्याने फोन आला: रक्ताचा अंश आहे.
बहुतेक काही नसेल, पण आतून बघायला हवं.
'बहुतेक' हा शब्द मी दोन दिवस
वेल्डिंगच्या काळ्या काचेतून बघत राहिलो.

आदल्या रात्री चार लिटर.
मिठागराच्या पाण्याला लिंबाचा वास लावलेला,
दर पंधरा मिनिटांनी एक पेला.
आणि सात माणसांत एक संडास.

बशीरने भिंतीवरचं वेळापत्रक उतरवलं,
पहाटे चार चाळीसपासूनचे आमचे नंबर,
आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मल्याळममध्ये
काहीतरी लिहून कडीला टांगलं.
काय लिहिलंस?
म्हणाला, आज रात्री धुरीचं राज्य.
कोणी खालच्या कॅफेटेरियात जाऊन आला, कोणी मशिदीच्या आवारात.
शफीकुल म्हणाला, मला रात्रीचं लागतच नाही.
पहाटे तो मांडीवर मांडी घट्ट दाबून
भिंतीकडे तोंड करून बसलेला.

इतकी मोकळी जागा मला या देशात
पहिल्यांदाच मिळाली.

तीनपर्यंत सगळं गेलं,
शेवटी नुसतं पाणी, तेही पिवळट.
मध्येच घरून फोन. जेवलात?
जेवलो, म्हटलं. नाईट आहे.

सकाळी नर्सने पुकारलं, सोनू? मिस्टर सोनू?
कोणी उठेना.
पासपोर्टातलं मधलं नाव वाचत होती ती.
मग मीच उठलो,
बापसाच्या नावाला ओ दिली.

बापूस सत्तेचाळिसाव्या वर्षी गेला, पोट धरून.
काजूच्या एका हंगामात
कमरेचा करगोटा तीनदा आवळला.
करणी आहे म्हणाले.
कोंबडा दिला, गाऱ्हाणं घातलं,
सगळे 'व्हय महाराजा' म्हणाले, मीसुद्धा.
रक्त पडतं हे तो कोणाला बोलला नाही.
आईला ठाऊक होतं.
बाकीच्या बायका परतल्या
की ती ओढ्यावर त्याचं धोतर धुवायची.

डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी,
पाठीमागून उघडा झगा.
डॉक्टर हळूच बिस्मिल्ला म्हणाले.
अर्धवट गुंगीत मी पडद्यावर पाहिलं:
गुलाबी, ओलं, वळत जाणारं काहीतरी,
त्रेपन्न वर्षं माझ्यासोबत फिरलेलं.
शरम वाटेल असं तिथे काहीच नव्हतं.
एका वळणावर मिरीच्या दाण्याएवढी गाठ.
तारेचा फास सरकला, आवळला,
जरासा धूर.
धूर माझ्या ओळखीचा.
काम साफ होतं, डाग न ठेवता.

शुद्ध आली तेव्हा बशीर उशाशी,
अर्ध्या दिवसाचा पगार बुडवून,
हातात पावाची पिशवी.
नात्याच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं, भाऊ.
नर्सने एकदा नाव वाचलं, बशीर कुन्हीमोन,
एकदा माझं,
आणि शिक्का मारला.

निकाल दहा दिवसांनी.
संध्याकाळी कडीवरचा कागद पुन्हा सुलटा झाला,
माझा नंबर चौथा.
जिन्यात बसून मी खऱ्या भावाला फोन लावला,
गावी, आठ महिन्यांनी.
त्याने पैशांचं विचारलं, छपराचं सांगितलं.
मी म्हटलं, वसंता, तुझं वय काय रे आता?
आणि ऐक,
परसाकडे कधी रक्त पडतं का?

तो हसला.
मग हसायचा थांबला.